पतंगाचे स्थानक

लाइट रेल म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारी, मोजक्या डब्यांची आणि प्रसंगी रस्त्याच्या पातळीवरूनही धावणारी शहरी रेल्वे. अमेरिकेतील सिएटल शहरातील वेस्टलेक ते शेजारचे टकविला अशी तिची सुमारे २२ किलोमीटरांची मार्गिका १८ जुलै २००९ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिले दोन दिवस प्रवास सर्वांना विनामूल्य होता. बीकन हिलचे स्थानक जमिनीखाली सुमारे १६० फूट असल्याने प्रवासी तेथे लिफ्टने उतरतात, आणि बोगदा मागे पडल्यावर थोड्याच वेळात तीच गाडी रेनियर व्हॅलीतील घरे-दुकानांमधून, रस्त्याच्या मधोमध धावू लागते. अनेक भाषा बोलणाऱ्यांच्या या शहरात प्रत्येक स्थानकाला नावासोबत चित्रखूण, म्हणजे अक्षरओळखीवाचून समजणारे चिन्ह, देण्यात आली होती. बीकन हिलला पतंग होता, तर ऑथेलो स्थानकाला हरीण. पहिल्या दिवशी केवळ कुतूहलाने गाडीत चढलेला माणूस पुढे रोज कामावरून परतताना त्याच पतंगाची वाट पाहील, या विश्वासात सार्वजनिक वाहतुकीचे मोल सामावलेले आहे. कारण ज्या शहरात नवख्यालाही कोणाला न विचारता आपले स्थानक ओळखता येते, ते शहर त्याला हळूहळू आपले वाटू लागते.