देवमाशाच्या दर्शनाचा बेत

वाचकहो, गोंदियाच्या माणसाला समुद्र म्हणजे भूगोलाच्या नकाशांतील निळा रंग. धानाच्या बांध्या आणि नवेगांवबांधचा तलाव, एवढेंच आमचें जलदर्शन. असें असतां मीं तीस वर्षें वर्गांत 'देवमासा हा मासा नव्हे, तो सस्तन प्राणी होय' असें बजावून सांगितलें. लंकेहून परततांना पुष्पकांत बसलेला राम सीतेला सच्छिद्र मस्तकांतून जलप्रवाह उडविणारे तिमि दाखवितो, तो रघुवंशाच्या तेराव्या सर्गांतील श्लोकही रंगवून शिकविला. वस्तुतः तो फवारा पाण्याचा नसून उच्छ्वासाच्या वाफेचा असतो, एवढी पुस्ती जोडली कीं मी मोकळा! स्वतः मात्र समुद्रदेखील पाहिला नव्हता.

"मलाही एकदां दाखवा कीं," असें आमच्या कुटुंबानें नव्या संसारांत म्हटलें होतें. 'पुढें पाहूं' हें माझें उत्तर. गेल्या वर्षीं तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली दृष्टि परत येत नाहीं, राहिलेली सांभाळावयाची, असें डॉक्टरांनीं सांगितलें, तेव्हां त्या 'पुढें'ची मला प्रथमच भीति वाटली.

बेत आंखावयास बसलों. निळे देवमासे पाहावयाचे तर श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील मिरिस्सा हें प्रसिद्ध स्थान; नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील हंगाम. तेथें खोल समुद्र किनाऱ्याजवळ येतो, म्हणून सकाळच्या एका फेरींत हे महाकाय प्राणी दिसूं शकतात. कोकणासमोर मात्र उथळ समुद्र दूरवर पसरलेला. 2015 सालीं सिंधुदुर्गासमोर निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली खरी, परंतु तेवढ्या भरंवशावर प्रवास आंखतां येत नाहीं. मालवण-तारकर्लीकडे हिंवाळ्याच्या शांत सकाळीं दिसतात ते डॉल्फिन. तेही देवमाशाच्याच कुळांतले, फुप्फुसांनीं श्वास घेणारे.

कालिदासाच्या तिमींसाठीं माझें मन लंकेकडे झुकलें. पारपत्र, विमान, खर्च, सारा हिशेब तिला वाचून दाखविला. ती म्हणाली, "अहो, तो मासा दिसलाच नाहीं तर? मला आधीं समुद्र पाहूं द्या. तो कांहीं पळून जात नाहीं."

तेव्हां ठरलें तें असें: माघांत गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसनें कोल्हापूर, तेथें एक दिवस विसांवा व अंबाबाईचें दर्शन, मग एस्. टी.नें घाट उतरून मालवण. डोळ्यांचे थेंब हाताशीं ठेवावयाचे. होडी सकाळची, आणि नावाड्याला आधींच सांगावयाचें कीं, बाबा, कळपामागें धांवूं नको, येतील तितके पाहूं. सारसाच्या घरट्याजवळ जाऊं नये असें ज्यानें मुलांना शिकविलें, त्यानें समुद्रांत निराळा न्याय लावूं नये. तिला बाजूचें नीट दिसत नाहीं. म्हणून मीं शेजारीं बसून 'इकडे पाहा' एवढें म्हणावयाचें.

तेराव्या सर्गांतही राम सीतेला प्रथम दाखवितो तो समुद्रच. तिमि मागाहून येतात. इतकीं वर्षें तो सर्ग शिकविला, पण हें माझ्या ध्यानांत आतां आलें.