रिकामे डबे

आमच्या मातोश्रींच्या स्वयंपाकघरात झाकणाचे आठ पितळी डबे होते. थोरल्या भगिनीच्या घरी लाडू जात ते या डब्यांतून. भगिनीचे घर पलीकडच्या आळीत होते, तोवर दोन डब्यांवर सारा व्यवहार चाले. सकाळी गेलेला डबा संध्याकाळी परत येई. पुढे मेव्हण्यांची बदली नागपुरास झाली आणि आठही डबे अपुरे पडू लागले. लाडू तयार असत, नेणारा माणूसही मिळे. परंतु डबा नसे. 'आई, कागदात बांधून दे की,' असे आम्ही म्हणावे आणि 'भुगा होऊन पोचण्यापेक्षा थांबलेले बरे,' असे तिने उत्तर द्यावे, हा संवाद आमच्या घरी ठरलेला होता.

या डब्यांची आठवण आम्हास पुढे अगदी निराळ्या ठिकाणी झाली. एका मोठ्या कचेरीतील माहितीचे भांडार सांभाळणे हा आमचा व्यवसाय. हल्ली खातेवह्या कपाटात नसतात, यंत्रांच्या तबकड्यांवर असतात. आणि आग वा पूर यांचे भय कोणास चुकले आहे? म्हणून त्यांची दुसरी प्रत दूरच्या भांडारात ठेवावी लागते. दोन्ही भांडारे काचेच्या तंतूने जोडलेली असतात आणि त्यातून प्रकाशाच्या रूपाने माहिती वाहते. या वाहतुकीचे जे नियम आहेत, त्यांस फायबर चॅनेल असे म्हणतात. त्यांचे पहिले प्रमाणपत्रक 1994 साली मान्य झाले.

इंटरनेटच्या सामान्य वाहतुकीत वाटेवर गर्दी झाली, तर माहितीची पुडकी खुशाल टाकून देतात आणि पाठवणारा ती पुन्हा पाठवतो. फायबर चॅनेलचा स्वभाव आमच्या मातोश्रींसारखा आहे. जागा नाही म्हणून पुडके टाकून देणे त्यास मंजूर नाही. संबंध जुळतानाच घेणारे यंत्र सांगते, 'माझ्यापाशी इतकी पुडकी ठेवण्यापुरती जागा आहे.' या आकड्यास क्रेडिट म्हणतात. आपण त्यास पत म्हणू. एक पुडके निघाले की पत एकाने घटते. पलीकडे जागा मोकळी होऊन 'तयार आहे' असा निरोप आला की ती एकाने वाढते. पत शून्यावर आली की पाठवणाऱ्याने स्वस्थ बसावे. पुडके लहान असो वा मोठे, एक पत खर्च होते. डब्यात दोनच लाडू घातले, म्हणून डबा काही अर्धा अडकत नाही.

आमचे दुसरे भांडार प्रारंभी 10 किलोमीटरवर होते आणि पत 40 होती. तेवढ्यात काम उत्तम चाले. पुढे एकच पूर दोहोंस बुडवील या विचाराने ते 100 किलोमीटर लांब नेले आणि वाहतूक एकदशांशावर आली. रात्रीची प्रत दुपारपर्यंत पुरी होईना. त्या अवधीत मूळ भांडारास काही अपघात होता, तर कित्येकांच्या त्या दिवसाच्या जमाखर्चाचा मागमूस उरला नसता. आम्ही अनुभवी म्हणून गणले जात होतो. आम्ही तत्काळ निदान केले की रस्ता अरुंद आहे. 8 गिगाबिटांचा मार्ग काढून 16 गिगाबिटांचा घेतला. खर्च बराच झाला; लाभ एका कवडीचा झाला नाही.

आमच्या हाताखाली एक तरुण मुलगी नुकतीच कामास लागली होती. ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, 'सर, रस्ता पुरेसा रुंद आहे. गाडीच उभी आहे.' तेव्हा आम्ही हसून विषय बदलला होता. आता तिने गणित मांडून दाखवले. काचेत प्रकाशास एक किलोमीटर जाण्यास सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे 100 किलोमीटर जाऊन निरोप परत येण्यास सेकंदाचा एक सहस्रांश. आठ गिगाबिटांच्या वेगाने सुमारे दोन हजार बाइटांचे पूर्ण पुडके अडीच मायक्रोसेकंदांत निघून जाते. मार्ग सतत भरलेला राहावा, तर निरोप येईपर्यंत 400 पुडकी वाटेवर हवीत. आमची 40 पाठवून होत आणि पुढे केवळ प्रतीक्षा. वेग दुप्पट केला, त्यामुळे ती 40 पुडकी अधिक लवकर संपली आणि प्रतीक्षा तेवढी लांबली! नव्या मार्गास पत 800 हवी होती. पत शून्यावर किती काळ राहते, हे सांगणारा आकडा यंत्रात पूर्वीपासून होता. आम्ही तो कधी पाहिला नव्हता. मग इतर द्वारांच्या वाट्याची जागा या एका मार्गास तोडून दिली आणि प्रत रात्रीच्या रात्री पुरी होऊ लागली. त्या मुलीचे आभार आम्ही सर्वांसमक्ष मानले. परंतु वेळेवर ऐकले असते, तर ते अधिक शोभले असते.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मात्र आम्हास घरापर्यंत पुरली. कधी कधी 'तयार आहे' हा निरोपच वाटेत बिघडतो. जागा पलीकडे मोकळी असते. पण पाठवणाऱ्यास ते कळत नाही आणि एक पत कायमची बुडते. असे वारंवार झाले की मार्ग हळूहळू मंदावतो आणि पाहणाऱ्यास वाटते, यंत्र जुने झाले. म्हणून कित्येक यंत्रांत दोन्ही टोकांनी ठरावीक अंतराने हिशेब जुळवून बुडालेली पत भरून काढण्याची सोय असते.

मातोश्रींच्या अखेरच्या वर्षांत लाडू येणे विरळ होत गेले. त्यांचे हात थकले, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली होती. त्या गेल्यानंतर एके दिवशी आमचे फडताळ आवरताना मागच्या रांगेत तीन पितळी डबे सापडले; घासूनपुसून ठेवलेले, परत पाठवावयाचे राहिलेले. भगिनीस पत्राने विचारले. तिच्याकडे चार निघाले.