जादा कामाची वही

माझी थोरली बहीण लग्न होऊन इच्छापूरला गेली, त्याला आता तीस वर्षे होत आली. घरात मराठी आणि शेजारी कानडी अशा आमच्या बेळगावकडच्या घरातून ती थेट मध्य प्रदेशच्या कडेला जाऊन पडली. इच्छापूर म्हणजे बऱ्हाणपूर जिल्ह्याचे टोक. मुक्ताईनगरहून निघालेली बस राज्याची हद्द ओलांडते आणि इच्छादेवीची टेकडी दिसू लागते. तिकडे मराठीच्या जोडीला हिंदी, इकडे कानडी. "आपल्या नशिबी सीमाच रे," असे अक्का म्हणते. तिच्या पंगतीत वाढण्याचा आग्रह झाला की आम्ही भावंडे अजूनही हात आडवा धरून 'साकु, साकु' म्हणतो आणि तिच्या सासरची माणसे हसतात.

गेल्या नवरात्रात गोवा एक्सप्रेसने भुसावळला उतरून तिच्याकडे गेलो, तेव्हा भाचाही रजेवर आला होता. तो हवाई दलात वैमानिक आहे. हुद्दा फ्लाइट लेफ्टनंट. हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत आणि पुढे बीदरला त्याचे शिक्षण झाले. बीदरला २००८ पासून हॉक विमानांवर लढाऊ वैमानिक तयार होतात. तिथल्या बाजारात आईचे कानडी त्याला उपयोगी पडले, याचा अक्काला विमानापेक्षाही जास्त अभिमान!

दुपारी जेवताना त्याचा फोन वाजला. त्याचे अर्धे बोलणे आम्ही ऐकत होतो. "तांदळाची किती पोती आली? बिलात किती लावलीत? मी आल्याशिवाय सही करू नका." अक्काचा हात वाढता वाढता थांबला. फोन ठेवल्यावर तिने विचारले, "हे कसले रे काम?"

"आई, सध्या मेसचा सेक्रेटरी मी आहे."

"इदेनप्पा! विमान उडवायला पाठवला आणि हा पोती मोजतोय! गावात कुणाला सांगू नकोस बाबा."

सगळे हसले, पण अक्काच्या तोंडावरची नाराजी काही गेली नाही.

वाचकहो, खरे सांगायचे तर मलाही हे ठाऊक नव्हते. वैमानिक म्हटला की तो विमानात बसतो, उतरतो, पुन्हा बसतो, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे असते. भाच्याने सांगितले ते वेगळेच. स्क्वाड्रनमधल्या तरुण वैमानिकाकडे उड्डाणाखेरीज एक ना एक जादा काम असतेच. कुणी स्क्वाड्रनचा अ‍ॅडज्युटंट, म्हणजे पत्रव्यवहार आणि रजांचा हिशेब त्याच्या गळ्यात. कुणाकडे मेस, कुणाकडे खेळ, कुणाकडे टेबल-खुर्च्यांची यादी. पाळी आली की रात्री पहारा तपासायचा. जुने सामान मोडीत काढायचे झाले तरी अधिकाऱ्यांचे मंडळ बसते आणि त्यात हमखास सर्वांत धाकटा असतो.

"यासाठी वेगळी माणसे नाहीत का?" मी विचारले.

"आहेत ना मामा. प्रशासनाची, हिशेबाची, पुरवठ्याची वेगळी शाखा आहे. पण स्क्वाड्रन हे एक घर असते. घरातली कामे घरातल्यांनाच करावी लागतात."

मला आपल्या हवाई दलाचा आरंभ आठवला. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोडला पहिले स्क्वाड्रन उभे राहिले, तेव्हा त्यात चार वापिती विमाने, सहा अधिकारी आणि एकोणीस हवाई सिपाही होते. एवढ्याशा घरात, उडवणारा वेगळा आणि वही लिहिणारा वेगळा, ही चैन परवडणार कशी? घर मोठे झाले, पण रीत राहिली. या रीतीचा जाच इतरांनाही होतो. अमेरिकेच्या हवाई दलाने २०१६ साली अशी जादा कामे कमी करण्याचे जाहीर केले, ते माणसांचा वेळ मूळ कामाला मिळावा म्हणून.

भाच्याचीही तक्रार होतीच. "उद्याच्या उड्डाणाचा अभ्यास करायचा असतो आणि समोर बिले असतात," तो म्हणाला. मी लगेच त्याची री ओढली. आम्ही प्राध्यापक तरी वेगळे काय करतो? निवडणुकीचे काम, परीक्षेचे भरारी पथक, समित्यांचे अहवाल, शिष्यवृत्तीचे अर्ज. शिकवणे उरल्या वेळात. मामा-भाच्यांचे चांगलेच जमले.

रात्री गच्चीवर अंथरुणे टाकली. टेकडीवर देवळातले दिवे दिसत होते. अक्का झोपली असे समजून तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, एक काम मात्र मी विसरणार नाही."

त्याच्या बरोबरीचा एक अधिकारी रजेवर असताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. सेनादलात अशा वेळी १९५० च्या कायद्याप्रमाणे समिती नेमतात. मृताच्या खोलीतले सामान ताब्यात घ्यायचे, त्याची यादी करायची, मेसची वगैरे देणी भागवायची आणि उरलेले वारसाच्या हाती द्यायचे, हे तिचे काम. त्या समितीत भाचा सर्वांत धाकटा. लिहायचे काम त्याच्याकडे.

"खोली उघडली तर पलंगावर टॉवेल तसाच वाळत पडलेला. आम्ही एकेक वस्तू काढत होतो, मी लिहीत होतो. गणवेश, बूट, इस्त्री, कुकर. 'लोकरी कपडे, तीन नग' असे लिहिले आणि त्यातल्या एका निळ्या स्वेटरवर हात थांबला. तो हाताने विणलेला होता. एक बाही दुसरीपेक्षा जरा लांब. मी ती ओळ खोडली, बाजूला सही केली आणि पुन्हा लिहिले : हाताने विणलेला निळा स्वेटर, एक."

आठवड्याने त्या मुलाचे आईवडील आले. वडील भराभर सह्या करत होते. आईने मात्र यादी हातात घेतली, बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि त्या ओळीवर ती थांबली. काही बोलली नाही. पेटीतून तेवढा स्वेटर काढून तिने मांडीवर घेतला.

"तेव्हापासून यादी लिहायचा कंटाळा येत नाही," भाचा म्हणाला. "वेळ मिळत नाही ही तक्रार आहे, अजूनही आहे. पण कंटाळा नाही."

मी गप्प राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे माझ्याच टेबलाचा खण आला. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीचे काम माझ्याकडे होते. 'हे काय माझे काम आहे?' असे म्हणत मी अर्जांचा एक गठ्ठा खणात टाकला आणि मुदत संपल्यावर दोन दिवसांनी मला त्याची आठवण झाली. त्यात एका मुलीचा अर्ज होता. पुढच्या वर्षी ती वर्गात दिसली नाही. कारण विचारायला मी गेलो नाही. कारण मला माहीत होते. भरारी पथकाच्या आणि निवडणुकीच्या तक्रारी मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगत आलो. ही गोष्ट मात्र आजवर घरातही सांगितली नव्हती. त्या रात्री भाच्याला सांगितली. तो "असू दे मामा" म्हणाला नाही, हे बरे झाले.

सकाळी भाचा निघाला. अक्काने डब्यात दशम्या बांधून दिल्या. बस यायला वेळ होता, तेवढ्यात शेजारच्या काकांनी विचारले, "काय, परत विमानावर का?"

भाचा काही बोलण्याआधी अक्काच म्हणाली, "हो. आणि मेसचा हिशेबपण यालाच बघावा लागतो. दुसऱ्या कुणावर भरवसा नाही त्यांचा."

म्हणजे रात्री ती झोपली नव्हती.

परत आल्यावर मी प्राचार्यांकडे जाऊन शिष्यवृत्तीचे काम मागून घेतले. त्यांना आश्चर्य वाटले. हे काम कुणी मागून घेत नाही. आता अर्ज आला की त्याच दिवशी वहीत नोंद करतो, मुलाचे पूर्ण नाव, गाव आणि मुदतीची तारीख घालून. त्या मुलीच्या गावाला मात्र अजून गेलेलो नाही. या सुट्टीत जायचे आहे.