जहाजाच्या तळातले हसू

१९३१ सालच्या 'ड्रॅक्युला' चित्रपटात एक प्रसंग आहे. वादळातून आलेल्या जहाजावर जिवंत असे कोणी उरलेले नसते. तळाचे झाकण उघडले जाते आणि जिन्याच्या पायथ्याशी एक माणूस वर बघून हसतो. डोळे विस्फारलेले, हसू घशातल्या घशात दाबलेले. आम्हा चौघा मित्रांना जुने इंग्रजी चित्रपट बघण्याची खोड आहे. ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीची आम्हाला आता भीती वाटत नाही. ते हसू मात्र अजून अंगावर काटा आणते.

हसणारा तो नट म्हणजे ड्वाइट फ्राय. चित्रपटाच्या सुरुवातीला त्याचा रेनफिल्ड घराच्या कराराचे कागद घेऊन आलेला, नीटनेटका, अदबीने बोलणारा माणूस असतो. पुढे तोच किडे-माश्या खाणारा वेडा होतो. एकाच भूमिकेत दोन माणसे उभी करायला अंगात हुन्नर लागतो. फ्रायने तो रंगभूमीवर कमावला होता. १८९९ साली कॅन्सस राज्यात जन्मलेल्या या नटाने न्यूयॉर्कला विनोदी नाटके केली, गंभीरही केली. पिरांडेलोच्या 'सहा पात्रे लेखकाच्या शोधात' या नाटकाच्या तिथल्या १९२२ च्या प्रयोगात तो मुलाच्या भूमिकेत होता.

१९३१ मध्येच 'फ्रँकेन्स्टाइन' आला. त्यात मशाल नाचवून राक्षसाला छळणारा कुबडा नोकर फ्रिट्झ फ्रायनेच केला. झाले! हॉलिवूडने त्याच्यावर शिक्का मारला. वेडा हवा, फ्रायला बोलवा. कुबडा हवा, फ्रायला बोलवा. दुसरे काही मागायला गेला की दार बंद. पुढे तर भूमिकाही आटत गेल्या आणि तो गर्दीतला गावकरी झाला. १९३९ च्या 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मधले त्याचे काम कापले गेले. त्याच चित्रपटात लुगोसीने इगोर नावाचे पात्र रंगवले, आणि आज लोक फ्रायच्या कुबड्यालाही इगोरच म्हणतात. भूमिका अमर झाली, पण तिचे नावदेखील त्याच्याकडे राहिले नाही.

पडद्यावर आपला माणूस दिसला की तो कव्वाल असणार, नाहीतर नमाजी चाचा, याची सवय झालेल्या आपल्या वाचकांना या शिक्क्याविषयी जास्त सांगायला नको. चाचा वाईट नसतो. पण त्याला हिशेब येतो का, विनोद सुचतो का, हे कोणी विचारत नाही. एकदा चेहरा ठरला की माणसाची चौकशी संपते.

महायुद्धाच्या काळात फ्राय रात्रपाळीला लॉकहीडच्या विमान कारखान्यात हत्यारांचे आराखडे करू लागला. तिथे त्याचे हसू कोणाला नको होते. हात आणि डोके हवे होते. अखेर 'विल्सन' या चित्रपटात युद्धमंत्र्याची भूमिका त्याला मिळाली. वेडा नाही, कुबडा नाही, चक्क मंत्री! पण चित्रीकरणाआधीच, ७ नोव्हेंबर १९४३ रोजी, हॉलिवूडमध्ये बसमधून जाताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय अवघे ४४.

त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिला गेला : हत्यारांचा आराखडाकार. आम्हाला आधी हे फार क्रूर वाटले. आता वाटते, निदान एका कागदावर तरी त्याला वेडा सोडून दुसरे काही म्हटले गेले. मात्र नट हा शब्द तिथेही राहूनच गेला.