मुलाला ‘काहीतरी चावले’ तर

मृगाच्या सरी सुरू झाल्या की आमच्या सत्तरी तालुक्यातील शाळेत वर्गावर्गांतून एक निराळाच दरवळ येऊ लागतो. कुणाच्या हाताला तुळशीचा रस, कुणाच्या पोटरीवर भिरंडेचे आगळ, कुणाच्या कानामागे चुन्याचा पांढरा ठिपका. तीस वर्षे मुलांत काढल्यामुळे कोणत्या घरी कोणत्या वळणाची आजी आहे, हे आम्हांला केवळ वासावरून ओळखता येऊ लागले आहे. तक्रार मात्र सर्वांची एकच असते : ‘‘सर, काहीतरी चावले.’’

व्याकरणात ‘काहीतरी’ हे अनिश्चित सर्वनाम म्हणून खपून जाते. औषधोपचारात ते निश्चित केल्यावाचून भागत नाही, असे आमचे ठाम मत आहे.

डास किंवा मुंगी चावली असेल, तर घरगुती उपायांना आमचा मनापासून कौल आहे. डासाच्या मादीची लाळ कातडीत उतरते, शरीर तिच्याशी झगडू लागते आणि म्हणून गांधी उठून खाज सुटते. अशा वेळी पहिले काम म्हणजे ती जागा साबणाने धुऊन तीवर गार पाण्यात भिजवलेल्या कापडाची घडी ठेवणे. इतक्या साध्या उपायाने मुलांच्या आयांचे समाधान होत नाही, हे आम्ही जाणतो; परंतु निम्म्याहून अधिक काम तेथेच होते. त्यानंतर कोरफडीचा गर लावावा. पान कापून उभे धरावे, पिवळा चीक निथळू द्यावा आणि आतला पारदर्शक गर तेवढा घ्यावा. उगाळलेले चंदनही चालेल. आमच्याकडे अंगावर पित्त उठले की भिरंडेची सोले भिजवून चोळण्याची चाल आहे व मुलांना तो थंडावा आवडतो. मात्र खाजवून कातडी सोलली असेल, तर त्यावर आंबट काही लावू नये. मूल किंचाळते आणि पुढच्या खेपेस दंश लपवून ठेवते. नखे कापलेली असणे हेही एक औषधच होय. चुन्याच्या बाबतीत मात्र आम्ही कोणत्याही आजीशी तडजोड करीत नाही. कोवळी कातडी चुन्याने भाजते.

डास दूर ठेवण्याच्या वनस्पतींची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात निर्गुंडी आणि निंब या दोन्ही झाडांची दखल घेतली आहे. निर्गुंडी आमच्या ओढ्याकाठी उदंड आहे. कडुनिंब मात्र या अतिपावसाच्या डोंगरांत घाटावरच्यासारखा दिसत नाही, म्हणून त्याचे तेल विकतच आणावे लागते. १९९३ साली भारतीय शास्त्रज्ञांनी खोबरेल तेलात शेकडा दोन या प्रमाणात कडुनिंबाचे तेल मिसळून प्रयोग केले, तेव्हा हिवतापाचे डास रात्रभर दूर राहिल्याचे त्यांना आढळले. म्हणजे पन्नास थेंबांत एक थेंब एवढेच ते प्रमाण. अधिक घातल्याने गुण वाढत नाही, दुर्गंधी तेवढी वाढते. आधी मुलाच्या दंडावर थोडेसे लावून एक दिवस पाहावे आणि तान्ह्या बाळांना ते लावूच नये. गवती चहाची पाने चुरडून लावली, तर त्यांचा गंध थोडाच वेळ टिकतो. अंगणातील तुळशीमुळे डास येत नाहीत, असेही अनेकजण श्रद्धेने सांगतात; आम्ही त्यांना तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी दाखवतो. त्यात डासांच्या अळ्या आनंदाने वळवळत असतात!

येथे दोन गोष्टी बजावून सांगावयास हव्यात. कडुनिंबाचे तेल नैसर्गिक आहे म्हणून लहान मुलाच्या पोटात कधीही देऊ नये. त्याने तान्ह्या मुलांना उलट्या आणि झटके आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. कापराचेही तसेच. डासांसाठी उशाशी ठेवलेली कापराची वडी रांगणाऱ्या मुलाने तोंडात घातली, तर त्यालाही झटके येऊ शकतात.

धुरीविषयी आमचे मन द्विधा आहे. सोडणाच्या निखाऱ्यावर निर्गुंडीची सुकी पाने पडली की दिवेलागणीला सारे घर जुन्या दिवसांत जाते. परंतु धूर तो धूरच. मुले बाहेर असताना धुरी द्यावी, खिडक्या उघडून खोली मोकळी करावी आणि मगच त्यांना आत घ्यावे. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची अगरबत्ती तर आम्हांला मुळीच मान्य नाही.

मधमाशी चावली असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता नखाने नांगी खरवडून काढावी. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर घरी काहीही लावीत बसू नये; रुग्णालय गाठावे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो व स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून दर शनिवारी आमची मुले शाळेच्या आवारातील करवंट्या, डबे व टायर उपडे करतात, आणि पावसाळ्यात अर्ध्या विजारीचा आग्रह आम्ही सोडून दिला आहे.

आता त्या अनिश्चित सर्वनामाकडे वळू. २०१४ च्या जुलैमध्ये आमच्या पाचवीतला एक मुलगा शाळेत आला नाही. प्रार्थनेनंतर आठवीतल्या त्याच्या बहिणीला विचारले, तर ती म्हणाली, ‘‘रात्री त्याच्या कानाला मुंगी चावली. आजीने रस लावला. सकाळी पोटात दुखते म्हणाला आणि आता डोळे उघडत नाही, झोपूनच आहे.’’ जमिनीवर निजलेले मूल, पोटदुखी आणि जड झालेल्या पापण्या, ही तिन्ही लक्षणे एकत्र ऐकताच आमच्या विज्ञानशिक्षकांचा चेहरा उतरला. त्यांनी तेथूनच रुग्णवाहिका बोलावली आणि स्वतः मोटारसायकलने त्या घरी गेले. ती मुंगी नव्हती, मण्यार होती. मण्यारीच्या दंशाने सूज जवळजवळ येत नाही, दातांच्या खुणाही पुष्कळदा दिसत नाहीत. विष हळूहळू श्वासाचे स्नायू लुळे करते. मुलगा सहा दिवस श्वसनयंत्रावर होता. तिसऱ्या आठवड्यात तो वर्गात परतला, तेव्हा त्याची आजी सोबत आली होती. ती आमच्या खोलीच्या दाराशीच उभी राहिली, आत येईना. तिने लावलेला रस अपायकारक नव्हता, हे आम्ही तिला पुन्हा पुन्हा सांगितले.

तेव्हापासून पालकसभेत आम्ही मच्छरदाणीचा विषय काढल्यावाचून राहत नाही. ती नुसती टांगून भागत नाही. तिची कड चटईखाली चहूबाजूंनी खोचलेली हवी. ती डासही अडवते आणि मण्यारही. रात्री ‘काहीतरी चावले’ म्हणून उठलेल्या मुलाला सकाळी नीट उजेडात बसवून त्याच्या पापण्या पाहाव्यात, त्याला पाण्याचा घोट नीट गिळता येतो का ते पाहावे; शंका येताच निघावे.

पावसाळा सरला म्हणजे सुटका झाली असेही नाही. फेब्रुवारीपासून काजूचा हंगाम लागतो आणि मुले आईबापांबरोबर बागायतीत जातात. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीपासून होतो, आणि तिळाएवढी गोचीड चावल्याचे मुलाला कळतही नाही. येथे कडुनिंबावर विसंबू नये. आरोग्य केंद्रातून कीटकरोधक तेल मागून घ्यावे, घरी येताच कपडे बदलून मुलांना साबणाने आंघोळ घालावी आणि कानामागे, काखेत, जांघेत बोट फिरवून पाहावे. गोचीड चिकटलेली आढळल्यास तिला विडीचा चटका देऊ नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ ओढावी आणि त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी. पुढे ताप आलाच, तर डॉक्टर प्रथम तीच विचारतात.