उन्हाचा भाव काय?

जानेवारी महिन्यात शिकागोतल्या कुठल्याही मराठी घरी फोन लावून बघा. पहिली दोन मिनिटं थंडीवर जातील, पुढची दोन तुमच्याकडच्या ट्रॅफिकवर आणि पाचव्या मिनिटाला ते वाक्य येणारच, ‘बास झालं आता! टेक्सासला नाहीतर फ्लोरिडाला शिफ्ट व्हायचं!’ तुम्ही मे महिन्यात पंख्याखाली घामाघूम होऊन महाबळेश्वरची स्वप्नं बघता ना, तसंच आमचं. फक्त उलटं. आम्ही मे महिन्याची स्वप्नं बघतो.

आणि का बघू नयेत? ३० जानेवारी २०१९ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा जवळजवळ उणे ३१ अंश सेल्सियसला टेकला होता. असे दिवस क्वचित येतात, कबूल. पण इथला साधासुधा जानेवारीही काही प्रेमळ नसतो. सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडा, तीन वर्षांच्या मुलीला तीन थरांत गुंडाळा, आणि डिसेंबरात तर साडेचारलाच दिवेलागण. ऑफिसातून निघताना वाटतं, आज सूर्य उगवला होता की नाही?

माझ्या स्वप्नाला मात्र थंडीपेक्षा मोठं कारण आहे. आई. वय बहात्तर, बाबा गेल्यापासून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटी. दरवर्षी ती आमच्याकडे येते, पण बर्फ वितळल्यावर. गुडघे थंडीत आखडतात, घसरायची भीती वाटते, आणि दिवसभर हीटर लावलेल्या घरात बसणं तिला मंजूर नाही. ‘अगं, खिडकीतून किती दिवस बघायचं?’ हा तिचा सवाल. मागच्या जानेवारीत ती पुण्यातच बाथरूममध्ये घसरली. मनगट मोडलं. समोरच्या काकूंनी हॉस्पिटलात नेलं. मी ते प्लास्टर व्हिडिओ कॉलवर पाहिलं, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या माझ्या घरी, स्वेटरवर स्वेटर चढवून.

त्या रात्री नवरा म्हणाला, ‘आपलं ऑस्टिनला ऑफिस आहे. मी ट्रान्सफर मागू शकतो. तिकडे आई हिवाळ्यातही राहतील.’ दुसऱ्या दिवशी एक एक्सेल शीट उघडली. नाव दिलं, ‘ऊन’.

बोर्डावरचा आकडा

पहिला आठवडा तर सॉलिड मजेत गेला. ऑस्टिनच्या आसपास राऊंड रॉक, सीडर पार्क ही आपल्या लोकांची आवडती उपनगरं. आमच्या भिंतीला भिंत लागलेल्या टाऊनहाऊसच्या किमतीत तिथे स्वतंत्र घर दिसत होतं. मागे अंगण, पुढे झाड. करोनाच्या काळात सगळा देशच ऑस्टिनला निघाल्यासारखा होता. २०२२च्या वसंतात तिथल्या किमती शिखरावर पोहोचल्या आणि नंतर बऱ्याच खाली आल्या. म्हणजे टायमिंगही बरं!

त्यात टेक्सासचा हुकमाचा पत्ता म्हणजे तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. इलिनॉयमध्ये तो सरसकट ४.९५ टक्के आहे. आमच्या दोघांच्या मिळून दीड लाख डॉलरवर, सूट वजा जाता, महिन्याला पावणेसहाशे ते सहाशे डॉलरची बचत. मी तर अंगणात तुळस कुठे लावायची तेही ठरवून टाकलं.

पण घराची जाहिरातीतली किंमत म्हणजे हॉटेलच्या मेन्यूतली किंमत. खरं बिल नंतर येतं. राज्य चालवायला पैसा तर लागतोच. तो टेक्सास पगारातून घेत नाही, मग घरातून घेतं. पुण्यात आपण वर्षाचा मिळकतकर भरून विसरून जातो. इथे घराच्या किमतीच्या टक्क्यांत प्रॉपर्टी टॅक्स लागतो. ऑस्टिनच्या उपनगरांत, विशेषतः नव्या वसाहतींत, तो २ टक्के आणि वरही जातो. साडेचार लाख डॉलरच्या घरावर २ टक्के म्हणजे वर्षाला ९ हजार, महिन्याला साडेसातशे. स्वतः राहणाऱ्या मालकाला सूट मिळते. शाळेच्या करातली ही सूट २०२५मध्ये १ लाख ४० हजार डॉलर किमतीपर्यंत वाढवली, त्यामुळे थोडा दिलासा आहे. पण इलिनॉयचा प्रॉपर्टी टॅक्सही काही कमी नाही. म्हणजे या रकान्यात फायदाही नाही आणि फार तोटाही नाही. चला, पुढे.

पुढे विमा. टेक्सासात गारा पडतात, आणि आपल्याकडे आंब्याचा मोहोर झोडपतात तशा नाही, तर छपराची चाळण करणाऱ्या. म्हणून विम्याचा हप्ता जास्त. शिवाय वादळ-गारांच्या नुकसानीत पहिला वाटा आपला असतो, तोही बहुधा विम्याच्या रकमेच्या १-२ टक्के. शिकागोत गॅसचं बिल हिवाळ्यात फुगतं, तिथे विजेचं उन्हाळ्यात. एसी ही तिथे चैन नाहीच.

तीन टक्क्यांची सोन्याची बेडी

तरीही शीट ‘जा’ म्हणत होती. मग नवऱ्याने कर्जाचा रकाना भरला आणि दोघंही गप्प झालो.

इथे एक फंडा समजावून सांगायला हवा. आपल्याकडे होम लोन बहुतेक फ्लोटिंग असतं. रेपो रेट हलला की ईएमआय नाहीतर मुदत हलते. अमेरिकेत बहुतेक कर्जं ३० वर्षांसाठी फिक्स्ड. एकदा ठरलेला दर शेवटपर्यंत तोच. जानेवारी २०२१मध्ये या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्के या नीचांकावर होता. ऑक्टोबर २०२३मध्ये तोच ७.७९वर गेला. आम्ही घर घेतलं २०२१मध्ये, ३ टक्क्यांनी. लॉटरीच! पण हे कर्ज सहसा त्या घरालाच चिकटलेलं असतं. घर विकलं की दर गेला. सामानाच्या ट्रकमध्ये टाकून तो नेता येत नाही.

आता गणित बघा. ३ लाख डॉलरचं कर्ज, ३० वर्षं. ३ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता साधारण १,२६५ डॉलर. तेवढंच कर्ज साडेसहा टक्क्यांनी घेतलं तर १,८९६. फरक ६३१ डॉलर. आणि इन्कम टॅक्समधली बचत किती होती? सहाशेच्या आत! टेक्सासने उजव्या हाताने दिलेलं बँक डाव्या हाताने काढून घेत होती. त्यावर जास्तीचा विमा, विजेचं बिल आणि दोघांना दोन गाड्या हव्यातच.

अमेरिकेत असे लाखो लोक आपापल्या स्वस्त कर्जात अडकून बसले आहेत. घर लहान पडतंय, नोकरी लांब गेली आहे, पण हलवत नाही. याला इकडे ‘लॉक-इन’ म्हणतात. आपली आजी याला सोन्याची बेडी म्हणाली असती.

बाकीची उबदार गावं

ऑस्टिन महाग पडतंय तर दुसरीकडे बघू, म्हणून शीटमध्ये आणखी तीन नावं आली.

सॅन डिएगो. हवा विचाराल तर स्वर्ग. बाराही महिने फेब्रुवारीतलं पुणं! १९७८च्या कायद्यामुळे तिथला मूळ प्रॉपर्टी टॅक्स १ टक्का आणि करपात्र किमतीतली वाढ वर्षाला २ टक्क्यांवर बांधलेली. पण स्वतंत्र घराची किंमत दहा लाख डॉलरच्या आसपास. हवेचे पैसे तिथे आधीच कापून घेतात. नाव खोडलं.

फिनिक्स. हिवाळा मस्त, पण २०२३मध्ये तिथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सियसच्या वर होता. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. गुडघ्यांसाठी जायचं आणि जीव धोक्यात घालायचा? तेही खोडलं.

फ्लोरिडा. इन्कम टॅक्स नाही, समुद्र आहे. पण सप्टेंबर २०२२च्या ‘इयन’ चक्रीवादळासारखी संकटं तिथे नवी नाहीत. नेहमीच्या गृहविम्यात पुराचं नुकसान येत नाही, त्याचा विमा वेगळा. फ्लॅट घ्यावा म्हटलं तर २०२१मध्ये सर्फसाइडला इमारत कोसळून ९८ माणसं गेली. त्यानंतर राज्याने जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीचा राखीव निधी सक्तीचा केला. तो हवाच होता. पण अनेक सोसायट्यांचा मेंटेनन्स त्यापायी भडकला. फ्लॅट स्वस्त दिसला की आधी मेंटेनन्स विचारा, हे मुंबईकरांना मी काय सांगणार?

ऊन किती हवंय?

रात्री अकरा वाजता शीट बंद करताना नवऱ्याने एक साधा प्रश्न विचारला, ‘आपल्याला ऊन नक्की किती महिने हवंय?’

बारा नक्कीच नाही. २०२३च्या उन्हाळ्यात ऑस्टिनने सलग ४५ दिवस शंभर फॅरनहाइटच्या वरचे बघितले. तेव्हा आई तिथेही खिडकीतूनच बघत बसली असती. आणि थंडी तिथे येतच नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात टेक्सासभर वीज गेली, पाइप फुटले, आणि २४६ जणांचे मृत्यू सरकारी नोंदीत आले. उबदार गावातली घरं थंडीसाठी बांधलेलीच नसतात.

आम्हाला हवे होते जानेवारी आणि फेब्रुवारी. दोन महिने. मग मी नवा रकाना केला. आमचं घर विकायचं तर नुसतं एजंटचं कमिशन ५ टक्के धरलं तरी साडेबावीस हजार डॉलर. राऊंड रॉकला फर्निचरसकट छोटं घर दोन महिने भाड्याने घेतलं तर साधारण साडेचार हजार. भागाकार करा. घर विकण्याच्या नुसत्या कमिशनमध्ये पाच हिवाळे बसतात! आणि तीन टक्क्यांचं कर्ज जागच्या जागी राहतं.

माझं काम घरून चालतं, नवरा तिथल्या ऑफिसात बसेल, मुलीची शाळा अजून सुरू व्हायची आहे. म्हणजे हा प्रयोग करायला आमच्याकडे दोन-तीन वर्षं आहेत. बाकी कामं बारीकसारीक. हीटर किमान तापमानावर चालू ठेवायचा, पाण्याचा मुख्य नळ बंद करायचा, घर इतके दिवस रिकामं राहिलं तर विमा लागू राहतो का हे विचारून घ्यायचं.

आईला फोन केला. वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, ‘ऊन मला पुण्यात फुकट मिळतं गं. त्यासाठी एवढे पैसे नका घालवू.’ मी म्हटलं, ‘आई, ऊन तुझ्यासाठी नाही. तू आमच्यासाठी.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, ‘तिथे बाथरूमला धरायला दांडी आहे का?’

तो रकाना शीटमध्ये नव्हताच. आता आहे.

दोन महिन्यांनी सगळं सुटत नाही, हे मलाही कळतं. उरलेल्या महिन्यांपैकी बरेच ती पुण्यातच असेल, आणि रात्री-अपरात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येईलच. ऑस्टिनला कायमचं जायचं की नाही हेही ठरलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी गोव्याची, कोकणाची किंवा फ्लोरिडाची स्वप्नं बघत असाल तर जरूर बघा. फक्त तिथे एकदा सगळ्यात वाईट महिन्यात राहून या, घराच्या किमतीखालची बारीक अक्षरं वाचा, आणि ते ऊन नक्की कोणासाठी विकत घेताय हे लिहून ठेवा. आम्हीही ऑगस्टमध्ये आठवडाभर ऑस्टिनला जाणार आहोत, भर उकाड्यात.

सध्या तरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं मुंबई ते ऑस्टिनचं तिकीट बघतेय. व्हीलचेअरची सोय हवी आणि विमान एकदाच बदलावं लागेल असं. आईने यादी पाठवली आहे. त्यात सर्वात वर लिहिलंय, ‘स्वेटर आणू की नको?’