चोडणचं कांदळवन आणि बांधाआतली शेतं

बडोद्याची किंवा इंदूरची भावंडं सुट्टीत गोव्याला आली की पहिला दिवस कळंगुटचा, दुसरा मंगेशी-शांतादुर्गेचा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी "आता काय?" असा प्रश्न असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: चोडण. पणजीजवळच्या रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत बसलं की काही मिनिटांत मांडवीतलं हे बेट येतं. पलीकडच्या धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सलीम अली १९८७ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी हे अभयारण्य घोषित झालं. क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, आणि जवळजवळ सगळं खारफुटीचं.

जायचं ते ऑक्टोबर ते मार्चमध्ये, सकाळी लवकर आणि शक्यतो ओहोटीला. भरतीची वेळ मोबाइलवर मिळतेच, पण जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून ती काढतात. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराला. एका ओळीत मावणारा असा हिशेब मला कामावरही क्वचितच भेटतो.

वाटेच्या दोन्ही बाजूंना चिखल असतो. पहिली काही मिनिटं "यात बघायचं काय?" असंच वाटतं. मग एका जागी स्थिर उभं राहिलं की चिखल हलायला लागतो. बोटभर लांबीचे मासे पाण्याबाहेर येऊन कल्ल्यांच्या पंखांवर सरपटत असतात. त्या निवट्या. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून त्या हवेतला प्राणवायू घेतात, पण अंग सुकू लागलं की डबक्यात एक लोळण घ्यावीच लागते. शेजारी बिळांच्या तोंडाशी छोटे फिडलर खेकडे. नराची एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य, आणि ती वरखाली करून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दटावतो. शेकडो खेकडे एकाच वेळी हात हलवत असतात, आणि आपली सावली पडली की क्षणात मैदान रिकामं.

झाडं ओळखायला मुळं बघावीत, पानांनी गोंधळ होतो. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी बाहेर येऊन चिखलात रुततात. तिवराची मुळं पेन्सिली उभ्या खोचाव्यात तशी जमिनीतून वर येतात, कारण चिखलात हवा नसते आणि श्वास वरूनच घ्यावा लागतो. मिठाचा बंदोबस्तही प्रत्येकाचा वेगळा. कांदळ बरंचसं मीठ मुळातच गाळून टाकतं, तर तिवर ते आत घेऊन पानांवाटे बाहेर काढतं. उन्हं वर आली की तिवराच्या पानावर बोट फिरवून चाखून बघा, खारट लागेल. गेव्याला मात्र हात लावू नका. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार आग होते. पांढऱ्या चिप्पीची फुलं रात्री उमलतात, त्यामुळे सकाळी झाडाखाली त्यांचे गळलेले पुंकेसरच दिसतात. आणि कांदळाला लोंबणाऱ्या त्या लांब हिरव्या शेंगा म्हणजे शेंगा नव्हेतच, ती झाडावरच रुजलेली रोपं आहेत. खाली पडून चिखलात रुतली तर तिथेच वाढतात, नाहीतर भरतीबरोबर दुसऱ्या काठाला जातात.

पक्ष्यांसाठी दुर्बीण हवी. खंड्या, बगळे, पाणकावळे, ब्राह्मणी घार यांची भेट सहसा चुकत नाही. हिवाळ्यात काळ्या टोपीचा जांभळा-निळा खंड्या दिसला तर दिवस सार्थकी लागला समजा.

एकदा मी मामांना बरोबर नेलं होतं. मामांचं तरुणपण खाजनात भात लावण्यात गेलं. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. मी उत्साहाने खेकडे दाखवत होतो आणि मामा शांतपणे म्हणाले, "ह्यांनीच आमचे बांध पोखरले."

ते खरंच आहे. खेकड्यांची बिळं वेळच्या वेळी बुजवली नाहीत तर मातीचा बांध आतून पोकळ होतो आणि एखाद्या मोठ्या भरतीला फुटतो. पूर्वी गावकारी, म्हणजे पोर्तुगीजांनी ज्यांना कोमुनिदाद म्हटलं त्या ग्रामसंस्था, ही राखण करत. १९६४च्या कूळ कायद्यानंतर जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघटनांकडे आली. शेती परवडेना, माणसं नोकऱ्यांना लागली, नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जींच्या लाटा काठावर आदळत राहिल्या. फुटलेला बांध बांधायला कोणी नसेल तर शेतात खारं पाणी शिरतं, पाठोपाठ कांदळाची तरंगती रोपं येतात आणि काही वर्षांत तिथे कांदळवन उभं राहतं. मग कायद्याने ते तोडता येत नाही. गोव्यात बऱ्याच खाजनांचं असं झालं आहे.

कायदा चुकीचा आहे असं मला वाटत नाही. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार आधी आपल्या अंगावर घेते. पूर्वीचे शेतकरीही बांधाबाहेर ती राखतच. प्रश्न फक्त बांधाच्या आतल्या बाजूचा आहे, आणि नकाशावर दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या दिसतात. फोटो काढताना मला जे जंगल दिसतं, तिथे मामांना कुणाची तरी कोरगुटाची शेतं दिसतात. कोरगुट म्हणजे खारेपणा सोसणारं इथलं जुनं भात. आमच्या पिढीतल्या कितीजणांनी ते खाल्लंय?

परतताना मामांनी रस्त्याकडेच्या बांधाशी गाडी थांबवायला लावली. तिथे मानस होती, पाणी आत-बाहेर सोडणारं लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर जातं, भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ते बंद होतं. ना वीज, ना सेन्सर. मामा गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि फळ्यांच्या फटी बघत राहिले. आतल्या बाजूला भात नुकतंच कापलेलं होतं. "फळ्या नव्या घातल्यात," ते म्हणाले, "कोणीतरी बघतंय अजून." मग त्यांनी बांधावरचं एक बीळ पायाने दाबून बुजवलं आणि आम्ही फेरीच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.